कॉलेजचा खोकला

माणसाला खोकला होतो यावर आमच्या मावसाजींचा तीस वर्षं विश्वास बसला नाही. आणि ही तीसही वर्षं त्यांनी बालाघाटात औषधांचं दुकान चालवलं. ताप येतो हे ते मान्य करत, कारण तो थर्मामीटरवर दिसतो. जुलाब, खरूज, विंचू चावणं यांबद्दलही त्यांची काही तक्रार नव्हती. पण पंधरा ते तीस वयाचा कुणी काउंटरपाशी येऊन खोकल्याची बाटली मागू लागला, की मावसाजी हातातलं काम बाजूला ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि अगदी शांतपणे म्हणत, "खोकून दाखव." खिशात डॉक्टरची चिठ्ठी असली तरी ही परीक्षा चुकत नसे. समोरचा बिचारा इकडेतिकडे बघून खोकायचा. मावसाजी डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून ऐकत. त्यांच्या शास्त्रात खोकल्याचे तीनच प्रकार होते: घशातला, छातीतला आणि कॉलेजचा. "हा कॉलेजचा खोकला आहे बाबू. याले औषध नाही. घरी जा, मायले म्हणा अद्रकाचा चहा दे." एकदा नव्यानं नोकरीला लागलेल्या एका पोलीस शिपायाला, तो साध्या कपड्यांत होता म्हणून, त्यांनी असंच परत पाठवलं. अर्ध्या तासानं तो त्याच्या साहेबांना घेऊन आला. साहेबांनाच नेमका खोकला होता. मावसाजींनी त्यांनाही खोकायला लावलं, चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, बाटली दिली आणि म्हणाले, "साहेब, तुमचा असली आहे. ह्या पोराचा मात्र मले अजून पटून नाही राह्यला."

चिठ्ठ्यांवरही त्यांचा तितकाच अविश्वास होता. गावातल्या एका जुन्या डॉक्टरांची सून नुकतीच शिकून येऊन त्यांच्या दवाखान्यात बसू लागली होती. तिचं अक्षर मोत्यासारखं. पहिली चिठ्ठी हातात पडताच मावसाजींनी ती आणणाऱ्या मुलाचा हातच धरला. "डॉक्टरचं लिवलेलं मले एका झटक्यात वाचता आलं, तवाच मी समजलो, हे घरी बसून लिवलं आहे." महिनाभर ते त्या चिठ्ठ्या परत पाठवत राहिले. शेवटी ती डॉक्टरीण स्वतः स्कूटीवरून आली आणि काउंटरवर उभी राहून तिनं त्यांच्यादेखत एक अख्खी चिठ्ठी लिहून दाखवली. मावसाजी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग हात जोडून म्हणाले, "बाई, अक्षर लय सुंदर आहे. पण थोडं बिघडवा. पोरं नक्कल करतात." ती रागावून गेली. पण पुढच्या महिन्यात तिच्या चिठ्ठ्या मलाही वाचता येईनाशा झाल्या.

त्यांचा अंमल स्वतःच्या दुकानापुरता असता तरी ठीक होतं. शेजारी वह्या-पेनांचं दुकान होतं, त्या शेठनं व्हाइटनर ठेवलं की मावसाजी तिथं जाऊन उभे राहत. पोरं ते रुमालावर टाकून हुंगतात हे त्यांनी शेठला इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं, की शेवटी शेठनं काचेवर पाटी लावली: 'वही आणून चूक दाखवा, मगच व्हाइटनर मिळेल.' मे महिन्यात पूर्ण बाहीचा शर्ट घालणारा, ढगाळ दिवशी काळा चष्मा लावणारा, जेवणाआधी बडीशेप खाणारा, हे सगळे मावसाजींच्या नोंदीत असत. लग्नसराईत तर त्यांचा उत्साह ओसंडून वाहायचा. वरातीत नाचून घामाघूम झालेल्या प्रत्येक पोराला ते कडकडून मिठी मारत. मुलीकडची माणसं भारावून जात. केवढा प्रेमळ माणूस म्हणत. आम्हा घरच्यांना ठाऊक होतं की ही मिठी नाकासाठी आहे. आमच्या नात्यातली पोरं त्यामुळे मावसाजींना तीन हात लांबूनच वाकून नमस्कार करत, आणि एवढ्या लांबून नमस्कार का केला, म्हणून आणखी संशयात सापडत. मावशी म्हणायची, "काय सांगू बाप्पा, ह्यायले देवळातलं तीर्थही हुंगल्याशिवाय जमत नाही." हे खोटं नव्हतं. मी स्वतः पाहिलं आहे. पुजाऱ्यानंही पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तो त्यांच्या तळहातावर तीर्थाचा एक थेंब कमीच टाकायचा.

मी खैरलांजीकडच्या आमच्या गावातून बी.एस्सी. करायला बालाघाटात आलो तो थेट या माणसाच्या घरी. आईनं निघताना बजावलं होतं, "मावसाजी इचारतीन ते सांगजो. नाही इचारलं तेही सांगजो." पहिले पंधरा दिवस त्यांनी माझी बॅग, माझी बाटली आणि माझे डोळे रोज तपासले. सोळाव्या दिवशी अचानक तपासणी बंद झाली. कारण मावशीकडून कळलं. मी खोटं बोललो की माझा कान लाल होतो हे त्यांनी हेरलं होतं. "ह्या पोराले पाह्यची गरजच नाही," ते म्हणाले होते, "याच्या कानाले इचारा." असा मी बालाघाट जिल्ह्यातला एकमेव निःसंशय तरुण ठरलो. मला त्याचा फार अभिमान वाटे.

दर गुरुवारी दुपारी दोन ते पाच मावसाजी दुकान माझ्यावर सोपवून कुठेतरी जात. एरवी ते जेवणाचा डबासुद्धा काउंटरवरच उघडणारे. पण गुरुवारी दोनाच्या ठोक्याला सायकलच्या हँडलला एक काळी लहानशी पिशवी अडकवून ते राजेगावच्या रस्त्यानं निघत. मावशीला विचारलं तर ती "काम असन" म्हणून विषय बदलायची. पिशवीला कुणाला हात लावू देत नसत. आता ज्या घरात संशय रोज वरणात फोडणीसारखा पडतो, त्या घरात राहून मलाही तो लागलाच. मी मनातल्या मनात कधी त्यांच्या हातून गुपचूप पत्ते खेळवले, कधी एखादी बाई जोडून दिली; आणि एका गुरुवारी तर जगाचे श्वास हुंगणारा हा माणूस स्वतःच कुठे बसून घेत असेल का, इथपर्यंत माझी मजल गेली. परत आले की मी पाण्याचा पेला देण्याच्या निमित्तानं त्यांच्या जवळ जायचो. वास यायचा तो साबणाचा. त्यानं तर माझी शंका आणखीच वाढली.

याच गुरुवारांमध्ये प्रफुल्ल दुकानावर येऊ लागला. तो माझा वर्गमित्र, उकव्याचा. वडील मँगनीजच्या खाणीत कामाला, आणि घराण्यातला कॉलेजात पोचलेला हा पहिलाच. बालाघाटात खोली घेऊन एकटा राहायचा. व्हॉलीबॉल असा खेळायचा की त्यानं चेंडू मारायला उडी घेतली की आम्ही बघे आपोआप टाचा उचलायचो. पहिल्या सेमिस्टरला दोन विषय राहिले आणि त्याची झोप उडाली. कुणा सीनियरनं त्याला सांगितलं की खोकल्याच्या अमुक औषधानं छान डोळा लागतो. गुरुवारी तीनच्या सुमाराला तो आला. "यार, एक बाटली दे ना. आठ दिन से सोया नहीं. तेरे मौसाजी तो कोर्ट लगा देते हैं."

"चिट्ठी है?" मी विचारलं.

"तेरे को मुझपे भरोसा नहीं?"

हा प्रश्न त्यानं हसत विचारला, आणि मी बाटली दिली. त्याला खोकायलासुद्धा लावलं नाही. मित्राला काय खोकायला लावायचं? पुढच्या गुरुवारी तो परत आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी दोन नेल्या. एक रूमपार्टनरला म्हणाला, आणि तो एकटा राहतो हे मला माहीत असूनही मी मान डोलावली. अडीच महिने हे चाललं. प्रॅक्टिकलला तो उशिरा येऊ लागला, मग येईनासा झाला. व्हॉलीबॉलच्या मैदानाकडे फिरकेना. बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबून माझ्याकडे असा पाही, जणू मी काहीतरी विचारलं होतं आणि त्याला उत्तर आठवत नव्हतं. मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. पण पाहिलं असतं तर पुढच्या गुरुवारी नाही म्हणावं लागलं असतं. आणि घरी माझ्या कानाकडे कुणी पाहतच नव्हतं, कारण मला कुणी काही विचारतच नव्हतं.

एका सोमवारी सकाळी केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत तो स्टुलावर बसला तो बसल्या जागीच कलंडला. ओठ निळसर, श्वास इतका सावकाश की दोन श्वासांच्या मधे आम्ही चौघं पोरं आपला श्वास धरून उभी. सरांनी त्याला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, मीही बसलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बुबुळं पाहिली आणि आमच्याकडे वळून विचारलं, "क्या लिया है इसने? जल्दी बोलो, डाँटूँगा नहीं." कुणी बोललं नाही. मला सगळं ठाऊक होतं. औषधाचं नाव, किती बाटल्या, कधी. माझं तोंड उघडेना. तेवढ्यात दारात मावसाजी दिसले; कुणीतरी दुकानावर फोन केला होता. दुकान उघडं टाकून, पायात घरच्या स्लिपर, असे ते धावत आले होते. त्यांनी खाटेवरच्या प्रफुल्लकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माझ्या कानाकडे.

"सांग," ते म्हणाले.

"मीच देत होतो," मी म्हणालो. "गुरुवारी."

त्यांनी मला मारलं नाही, बोललेसुद्धा नाहीत. डॉक्टरांकडे वळले आणि त्या औषधाचं नाव, त्यात काय काय असतं, हे भराभर सांगितलं. मी मागून बाटल्यांचा आकडा सांगितला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. दुपारी प्रफुल्लनं डोळे उघडले आणि सगळ्यांत आधी चप्पल कुठे आहे ते विचारलं. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो.

त्यानंतर पाच दिवस मावसाजी माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसले की मावशी दोघांच्या मधे बसायची आणि एकटीच बोलायची. मी कपडे भरून ठेवले होते. आज ना उद्या गावी धाडतील, आईला काय तोंड दाखवू, एवढाच विचार. रविवारी सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "आंघोळ केली का? चाल, उकव्याले जाऊ. पोराच्या बापाले सांगा लागते."

बैहरची बस घाट चढू लागली, दोन्हीकडे सालाची झाडं आणि बांबू, तेव्हा खिडकीबाहेर पाहत त्यांनी बोलायला सुरुवात केली. दुकान टाकलं त्या वर्षीची गोष्ट होती. एक पोरगा दर दोन दिवसांनी यायचा. आई खोकते म्हणायचा. "पूरा उन्हाळा त्याची माय खोकलत होती, अन् मी एकदाही इचारलं नाही, की डॉक्टरले दाखवलं का? मले वाटे, गिऱ्हाईक किती गोड आहे, काका काका करते. दिवाळीत त्याची माय बाजारात भेटली. मी म्हटलं, बाई, खोकला कसा आहे? ते म्हणे, मले कवा होता खोकला?" तो पोरगा पुढे इतर पुष्कळ नशांत गेला, वाचला, पण पुन्हा सरळ झाला नाही. राजेगावच्या रस्त्यावर एका गावात भावाच्या घरी ओसरीत बसून असायचा. "हात थरथरते त्याचे. ब्लेड देता येत नाही. गुरुवारी जाऊन दाढी करून देतो."

"तुम्हाला ओळखतो?"

"हौ. न्हावी समजते."

मी काळ्या पिशवीविषयी जे जे कल्पिलं होतं ते सगळं त्या घाटात माझ्यासमोर येऊन बसलं. ते तिकडे एकाची दाढी करत होते त्याच तासांमध्ये मी इकडे दुसऱ्याला बाटल्या देत होतो. त्यांनी हे मला म्हणून दाखवलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

उकव्याला प्रफुल्लचे वडील नुकतेच खाणीतली पाळी संपवून आले होते. पायांवर काळी धूळ तशीच. दवाखान्यातून घरी आणलेला मुलगा परीक्षेच्या ताणानं चक्कर येऊन पडला होता एवढंच त्यांना माहीत होतं. मावसाजींनी सवयीनं त्यांना मिठी मारली, आणि मला इतक्या अवघड प्रसंगीही कळलं की हुंगून झालं. मग बाजेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. "दादा, तुमचा पोरगा बदमाश नाही, बिमार आहे. अन् बिमारी माह्या दुकानातून गेली."

वडील उठून उभे राहिले. "तुमच्या दुकानातून? तं तुमच्यावर केस नको करू?"

"करा ना. कागदावर सही मी देतो. पण पह्यले पोराले मंगळवारी दवाखान्यात आणा. तिथं याच्या इलाजाचे डॉक्टर बसतात."

"इलाज काहून? चार दिवस खाणीत घालतो, नशा उतरून जाईन."

"खाणीतही पोरं घेतात दादा. तुम्हाले माहीत आहे."

वडील पुन्हा खाली बसले. दाराआडून प्रफुल्लची आई म्हणाली, "मंगळवारी मी आणतो त्याले." तेव्हा माझ्यात कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हणालो, "काका, बाटल्या मी दिल्या. मावसाजींना माहीत नव्हतं." वडिलांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आजही ती नजर विसरलो नाही. पण निघताना त्याच्या आईनं आम्हाला चहा दिला, दोघांनाही.

इलाज सोपा नव्हता. तीन महिन्यांनी प्रफुल्ल पुन्हा घसरला, पुन्हा दवाखाना झाला, त्याचं एक वर्ष गेलं. या सगळ्या काळात मावसाजी रोज संध्याकाळी त्याच्या खोलीवर जात. गेल्या गेल्या त्याची पाण्याची बाटली उघडून हुंगत, उशी उचलून पाहत, खिडकीबाहेर वाकून कचरा तपासत, आणि मग तासभर बसून त्याला व्हॉलीबॉलबद्दल अत्यंत अडाणी प्रश्न विचारत. एक दिवस प्रफुल्ल भडकला. "मौसाजी, आपको मुझपे बिलकुल भरोसा नहीं है ना?"

"नाही," मावसाजी म्हणाले. "भरोसा दोनदा ठेवून पाह्यला. एकदा त्या पोरावर, एकदा ह्याच्यावर." ह्याच्यावर म्हणजे माझ्यावर, मी दारातच उभा होतो. "भरोसा ठेवणारे लोक घरी झोपतात बाबू. मले तुह्यावर शक आहे, म्हणून मी रोज येतो."

प्रफुल्ल हसला. खूप दिवसांनी हसला. हल्ली तो बैहरकडे एका शाळेत खेळ शिकवतो. फोनवर बोलताना कधीकधी मधेच थांबतो, आणि माझ्या काळजात धस्स होतं. मग कळतं की मागे घंटा झालेली असते.

माझ्याबद्दल म्हणाल तर, मला मावसाजींनी काढून टाकलं नाही. बालाघाटच्या इतर तरुणांच्या रांगेत बसवलं. बॅग, बाटली, डोळे, सगळं पुन्हा रोज सुरू झालं, आणि पदवी हातात पडेपर्यंत चाललं. मला त्यात अपमान वाटला नाही, उलट पहिल्यांदाच त्या घरात मी सुरक्षित आहे असं वाटलं.

गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं. गुडघे गेले, कमी ऐकू येतं. राजेगावच्या रस्त्यावरचा तो माणूस त्याआधीच वारला होता. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी गोंदियाला नोकरीला असतो, महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन येतो. परवा गेलो तर मावसाजी फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. कॉलेज सुटलं होतं, पोरापोरींचे घोळके हसत-ओरडत रस्त्यानं चालले होते. मावसाजी एकेका चेहऱ्याकडे बघत होते, पण पूर्वीसारखे टोचून नाही. गाडी सुटल्यावर माणूस फलाटावरून बघतो तसे.

"चांगली दिसतात पोरं," मी म्हणालो.

"हौ, चांगलीच आहेत." मग त्यांनी विचारलं, "पण आता त्यायच्याकडं कोण पाह्यत असन रे?"

मावशीनं चहा आणला, तो आम्ही प्यालो, ऊन उतरू लागलं तसा मी निघालो. बसस्टँडच्या मागच्या भिंतीपाशी चार पोरं उभी होती, सतरा-अठराची. माझी चाहूल लागताच त्यांतल्या एकानं हात पाठीमागे नेला. राजेगाववरून जाणारी माझी बस लागली होती, कंडक्टर गोंदिया गोंदिया ओरडत होता.

"काय रे, काय करून राह्यले इथं?"

"कुछ नहीं अंकल."

कुठल्या कॉलेजात आहात, कुठल्या गावचे, खेळता का काही, असं मी विचारत राहिलो. आधी ती चिडली, मग कंटाळली, मग त्यांतला एक नाइलाजानं बोलू लागला. मागे बस सुटल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. दुसरी बस तासाभरानं होती.